लाईट गेली की साइट जाते, आणि घरचे विचारतात, बघतं कोण?

पत्र:

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. रात्री मुलगी झोपली की कोडिंग करते. कोर्स नाही, नोकरीसाठी नाही, आवडतं म्हणून. नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून त्याचाच सर्व्हर केलाय, तो हॉलमध्ये टीव्हीच्या मागे असतो. त्यावर माझी वेबसाइट चालते. आईच्या वाळवणाच्या कृती, थोडं लिहिलेलं, एक अर्धवट मराठी शब्दकोडं आणि गंगापूर धरणातून किती विसर्ग चालू आहे ते दाखवणारं एक पान. माझं माहेर पंचवटीतलं, त्यामुळे हे पान पावसाळ्यात तिकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. मागच्या पावसाळ्यात नेमकं पाणी सोडलं त्या रात्री आमच्याकडे लाईट गेली आणि पान बंद. सगळे मला फोन करत होते. नंतर नेटची कंपनी बदलली तर आता साइट घरातून दिसते, कंपनीतून दिसत नाही. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडला तर कुठल्या कुठल्या देशांतून लॉगिनचे प्रयत्न चाललेले. मी घाबरलेच. सासरे म्हणतात, ते डबडं चोवीस तास बिल वाढवतंय. नवरा म्हणतो, एवढं करून बघतं कोण? खरं दुखणं वेगळंच आहे. शब्दकोडं कित्येक महिन्यांत पुढे सरकलेलं नाही, कारण रात्री सगळ्या सर्व्हर नीट करण्यात जातात. प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं डॉकर शिकले, आता असे डबे सांभाळणारं क्यूबरनेटिस शिकू का, म्हणजे एकदाचं सगळं मार्गी लागेल? की गाशा गुंडाळून सगळं कुठेतरी फुकटात टाकू?

— एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, क्यूबरनेटिसचं आधी सांगून टाकतो. नको. गूगलने ते २०१४ मध्ये खुलं केलं ते पुष्कळ मशीनवर पुष्कळ कामं वाटून द्यायची असतात म्हणून. तुमच्याकडे टीव्हीमागे एक लॅपटॉप आहे. नोकरी बदलायची म्हणून शिकत असाल तर खुशाल शिका, पण तसं काही पत्रात दिसत नाही. पत्रात दिसतं ते असं की शब्दकोडं अवघड आहे आणि सर्व्हरशी खटपट करणं त्यामानाने सोपं आहे. सर्व्हरची अडचण गूगलवर सापडते, शब्दकोड्याची स्वतःला सोडवावी लागते. हे हौसेने कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाचं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तक्रारी चार असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. जे कायम चालू हवं ते आणि ज्याच्याशी खेळायचं ते, तुम्ही एकाच मशीनवर ठेवलंय. तुमच्या अंबडच्या कंपनीत नवं फिक्स्चर कुणी चालू लाइनवर आणून ठोकत नाही. ट्रायल बाजूला होते, मोजमाप घेतलं जातं, पास झालं तरच ते लाइनवर जातं. घरी मात्र तुम्ही रात्री साडेअकराला डॉकरची आवृत्ती बदलता आणि आईच्या कुरडया, धरणाचं पान, सगळंच एकदम आडवं होतं.

तेव्हा वाटणी करा. वेबसाइट बाहेर ठेवा, लॅपटॉप घरात ठेवा, आणि लॅपटॉपकडे बाहेरून येणारं दार पूर्ण बंद करा. साइट म्हणजे नुसत्या तयार एचटीएमएल फायली. त्या बनवायच्या घरी, ह्यूगो या साइट बनवणाऱ्या साधनाने बनवा किंवा स्वतःच्या पायथन स्क्रिप्टने, आणि तयार झाल्या की वर ढकलायच्या. अशी स्थिर पानं गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट राहतात. फुकटचं नको वाटत असेल तर भाड्याने एक लहानसा सर्व्हर घ्या, त्यावर कॅडी हा वेब सर्व्हर टाका आणि विसरून जा.

‘मग सेल्फ-होस्टिंग, म्हणजे साइट स्वतःच्या मशीनवर चालवणं, कुठे राहिलं?’ हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असणार. माझं मत असं, की डबा कुणाच्या घरात आहे यावर मालकी ठरत नाही. डोमेन तुमच्या नावावर आहे, फायली तुमच्या डिस्कवर आहेत, आणि एखाद्या कंपनीने उद्या नियम बदलले तर त्याच संध्याकाळी सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं. एवढं असलं की साइट तुमची. बाकी काही मंडळींना घरातल्या दिव्याची उघडझाप बघूनच समाधान मिळतं. तेही मला मान्य आहे, पण त्या दिव्यावर पंचवटीतल्या लोकांना अवलंबून ठेवू नका.

आता धरणाच्या पानाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सगळ्या उद्योगात खरी जबाबदारी तिथे आहे. नाशिककर पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, पाणी कमरेला लागलं की छातीला, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आता मारुती बघायला जाण्याआधी लोक फोन बघतात, आणि त्या फोनवर तुमचं पान आहे. गोदाघाटावर ज्याची टपरी आहे तो त्या आकड्यावरून सामान हलवायचं की नाही ते ठरवू शकतो. म्हणून माझ्या लेखी पान बंद पडणं हा लहान दोष. जुना आकडा ताजा म्हणून दिसणं हा मोठा.

करायचं असं. घरच्या लॅपटॉपवर दर तासाला क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीने, स्क्रिप्ट चालू द्या. ती आकडा घेईल, पान बनवेल आणि बाहेरच्या जागेवर ढकलेल. घरची लाईट गेली तर नवं पान जाणार नाही, पण शेवटचं पान लोकांना दिसत राहील. आता त्या पानावर दोन वेळा लिहा: मूळ नोंद कधीची आहे, आणि तुमच्या स्क्रिप्टने ती कधी उचलली. या दोन्ही वेगळ्या असतात. सकाळी सहाची नोंद तुम्ही दहाला उचलली तर आकडा सहाचाच आहे. मग पानातच जावास्क्रिप्टच्या चार ओळी घाला. वाचणाऱ्याच्या फोनमधलं घड्याळ आणि नोंदीची वेळ यांत तीन तासांहून जास्त फरक पडला की आकडा करडा व्हावा आणि वर लाल अक्षरांत ‘ही नोंद जुनी आहे’ असं यावं. ही तपासणी वाचणाऱ्याच्या फोनवर होते, त्यामुळे तुमच्याकडे अंधार असला तरी इशारा दिसतो.

आणखी एक. सरकारी पानाची मांडणी न सांगता बदलते. रकाना एकाने सरकला की तुमची स्क्रिप्ट विसर्गाच्या जागी पाणीसाठ्याची टक्केवारी उचलून मोकळी होईल, आणि तिला त्यात काही गैर वाटणार नाही. म्हणून आकडा रिकामा असेल, उणे असेल किंवा आधीच्या नोंदीपेक्षा न पटण्याइतका वेगळा असेल, तर पान छापू नका. जुनंच राहू द्या आणि स्वतःला टेलिग्रामवर निरोप येईल असं करा. खरोखरच विसर्ग एकदम वाढला असेल तर तुम्ही डोळ्यांनी बघून हाताने सोडाल. धरणातून सोडलेलं पाणी आणि होळकर पुलाखालून वाहणारं पाणी हे दोन आकडे वेगळे, ते एकत्र करू नका. मधल्या भागात पडलेला पाऊसही नदीतच येतो. क्यूसेकही उलगडून सांगा. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, तर हजार क्यूसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटरच्या पुढे, टँकरच्या भाषेत दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. हे वाचून माणूस गाडी घाटावरून काढतो. आणि तळाशी स्वच्छ लिहा की हे पान हौशी आहे, प्रशासनाची सूचना हीच अंतिम.

घरातून साइट दिसते आणि कंपनीतून दिसत नाही, याचं कारण बहुतेक सीजीनॅट. नेटवरच्या मशीनना मिळणारे आयपीव्ही फोरचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी, ते केव्हाच पुरेनासे झाले, म्हणून नेट कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी काय’ असं नेटवर विचारल्यावर येणाऱ्या पत्त्याशी जुळत नसेल, तर तुमच्या राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती लॅपटॉपकडे वळवायची सोय) कितीही बिनचूक असलं तरी बाहेरची विनंती तुमच्या दारापर्यंत येतच नाही. त्यावर अजून रात्री घालवू नका. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी विकत मिळतो, पण वर सांगितलेली वाटणी केलीत तर त्याची गरज उरत नाही. पुढे कधी घरचं एखादं काम बाहेर दाखवावंसं वाटलंच तर टनेल वापरा. त्यात लॅपटॉप स्वतः बाहेर जोडणी करतो, आत यायला पोर्ट उघडावं लागत नाही.

लॉगला घाबरलात ते समजतं. पण ती माणसं नाहीत आणि त्यांना तुम्ही माहीत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन दाखवलं, तेव्हाच गिगाबिट जोडणीवरच्या एका मशीनवरून आयपीव्ही फोरचे सगळे सार्वजनिक पत्ते ४५ मिनिटांच्या आत चाचपून होत होते. शिवाय तुम्ही साइटची जोडणी सुरक्षित करणारं सर्टिफिकेट घेता तेव्हा साइटचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं, आणि ती नोंद वाचत बसलेले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, लगेच येऊन कडी वाजवतात. वेब सर्व्हरचा लॉग नीट बघा. वर्डप्रेस या साइट चालवायच्या साधनाचं लॉगिन पान मागणारे दिसतील, तुमच्याकडे वर्डप्रेस नसताना. ‘डॉट एन्व्ह’ आणि ‘डॉट गिट’ मागणारेही दिसतील, आणि त्यांची मात्र दखल घ्या. त्या फायलींत लोक पासवर्ड ठेवतात. तुमची टेलिग्रामची किल्ली कोडमध्ये लिहून गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, टाकलेली असेल तर आजच बदला. नुसती फाईल पुसून भागत नाही, गिटचा इतिहास ती जपून ठेवतो.

बाहेरच्या सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) फक्त किल्लीच्या फाईलने, पासवर्ड बंद, रूट या मुख्य खात्याचं थेट लॉगिन बंद, सुरक्षेचे अपडेट आपोआप. घरच्या लॅपटॉपवर बाहेरून शिरायचं असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केल या खाजगी जोडणीच्या (व्हीपीएन) साधनांमधून. एवढं झाल्यावर तो लॉग रोज उघडून बघायचं कारण नाही.

आता लाईट. तुमचा लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला असणार, मेला तो राउटर. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. राउटर आणि फायबरचा डबा यांना एक छोटा डीसी यूपीएस लावा, किंवा इन्व्हर्टरची लाइन असलेल्या प्लगवर घ्या. दोन्हींच्या अडॅप्टरवर व्होल्ट वाचूनच यूपीएस आणा, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असले तरी सगळे नसतात. तरीही गल्लीतल्या नेटवाल्याच्या पेटीची बॅटरी संपली तर तुम्ही काही करू शकत नाही. म्हणून तर पान बाहेर ठेवायचं.

त्या लॅपटॉपची बॅटरी मात्र एकदा बघाच. वर्षानुवर्षं चार्जरला टांगलेली बॅटरी फुगू शकते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो का, झाकण नीट बसतं का, मशीन टेबलावर डुगडुगतं का, हे हाताने बघा. तसं काही वाटलं तर मशीन बंद करा आणि बॅटरी दुकानात काढून घ्या, स्वतः टोचाटोची नको. ठीक असेल तर बायोसमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे का बघा, आणि टीव्हीमागच्या कोंदट जागेतून त्याला मोकळ्यावर आणा. झाकण मिटलं की झोपतो म्हणून तो उघडा ठेवत असाल तर लिनक्सच्या लॉगइंड या भागाच्या सेटिंगमध्ये ‘हँडल लिड स्विच’ला ‘इग्नोर’ करा.

सासऱ्यांशी वाद घालू नका, हिशेब दाखवा. स्क्रीन बंद असलेला जुना लॅपटॉप निवांत असताना साधारण १५ वॉट घेतो. महिन्याचे ७२० तास, म्हणजे ११ युनिटच्या आत. जुना डेस्कटॉप असता तर ७० वॉटने ५० युनिट झाले असते, मग सासऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, तेव्हा तुमचं बिल त्या काठावर असेल तर ११ युनिटही टोचतील. प्लगला लावायचं छोटं वॉटमीटर मिळतं, ते लावून आकडा त्यांनाच वाचायला द्या. क्वालिटीतल्या माणसाला मोजमापाचं महत्त्व मी काय सांगणार.

शब्दकोड्यावर या, रात्री तिथे जायला हव्यात. तुम्ही कुठे अडकलात ते लिहिलेलं नाही, पण मराठी शब्दकोडं करणारा प्रोग्रामर एका जागी हमखास अडकतो: चौकटीत काय बसतं? ‘क्षत्रिय’ला कागदावर तीन चौकटी लागतात, क्ष, त्रि, य. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती आठ सांगते, कारण तिला क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य असं दिसतं. अक्षर तोडायला स्वतःचे नियम लिहित बसू नका. ब्राउझरमध्ये अक्षरं तोडून देणारं ‘इंटल सेगमेंटर’ आहे, फायरफॉक्समध्येही ते २०२४ पासून आलं. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोड या अक्षरांच्या मानकात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या फोनवर ‘क्ष’ अजून फुटतो. तेवढ्यासाठी हलन्ताने संपणारा तुकडा पुढच्याला चिकटवायची एक ओळ लिहा. फक्त शब्दाच्या शेवटी हलन्त असेल तिथे हात लावू नका. कोडं पूर्ण ब्राउझरमध्येच चालू द्या, कुणी किती सोडवलं ते त्याच्याच फोनमध्ये साठवा. मग त्याला सर्व्हर लागत नाही, डेटाबेस लागत नाही, आणि ते पहिल्या दिवसापासून साइटच्या इतर पानांसारखं एक पान असतं. पंधरा शब्दांचं एक कोडं आधी लोकांसमोर ठेवा. गुणफलक, खाती, रोज नवं कोडं, हे सगळं मनातल्या मनात राहू द्या.

आईच्या कृतींसाठी दोन छोट्या सूचना. पानांचे पत्ते रोमन अक्षरांत ठेवा. ‘कुरडई’ पत्त्यात घातली की व्हॉट्सॲपवर जाताना तिची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली ४५ अक्षरांची माळ होते, आणि ती बघून कुणी दाबत नाही. दुसरी सूचना बॅकअपची. कोड गेला तर पुन्हा लिहाल, आईच्या हस्ताक्षरातल्या वहीचे फोटो पुन्हा मिळणार नाहीत. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, आणि ती डिस्क माहेरी पंचवटीत ठेवली तरी चालेल, फक्त वरच्या मजल्यावर. एसक्यूलाइट हा एका फाईलमधला डेटाबेस वापरत असाल तर चालू फाईल नुसती कॉपी करू नका. लिहिणं चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. त्याची स्वतःची बॅकअप आज्ञा आहे, ती वापरा. आणि कधीतरी एका रविवारी त्या प्रतीतून साइट उभी करून बघा.

बघतं कोण, हा नवऱ्याचा प्रश्न. प्रामाणिक उत्तर: फार कुणी नाही. भेटींचा जो आकडा तुम्हाला दिसत असेल त्यातले बरेचसे ते वर्डप्रेस शोधणारे बॉटच आहेत, तेव्हा त्या आकड्याने हुरळूनही जाऊ नका. पण धरणाचं पान बंद पडलं तेव्हा फोन आले, हे तुम्हीच लिहिलंय. फोन करणारे वाचक किती जणांच्या नशिबी असतात? नवऱ्याला धरणाच्या पानाची तपासणी करायला बसवा. पावसाळ्यात रोज सकाळी पानावरचा आकडा आणि पेपरातला आकडा जुळतो का, एवढंच. प्रश्न विचारणाऱ्याला काम दिलं की प्रश्न जरा कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

सर्टिफिकेटकडे एकदा लक्ष द्या. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याची मेल पाठवणं त्यांनी २०२५ मध्ये बंद केलं. कॅडी ते आपोआप बदलतं, फुकटच्या जागांवरही आपोआप होतं. हाताने बदलत असाल तर ते सोडा.

डोमेनचं तेवढं राहिलं. डॉट इन एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येतं. परवडत असेल तर निदान पाच वर्षांचं करून टाका, आणि ते तुमच्या नावावर आहे ना, घेऊन देणाऱ्या मित्राच्या नावावर नाही ना, हे खात्यात शिरून बघा. त्या खात्याला दिलेला मेलचा पत्ता तुमच्याच डोमेनवरचा असेल तर बदला. डोमेनची मुदत संपली की तो मेलही बंद होतो, आणि मुदत संपल्याची सूचना नेमकी त्याच मेलवर येत असते.